रिजेक्शन रक्तात आधी दिसतं का? किडनी ट्रान्सप्लांटनंतरच्या टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी ट्रान्सप्लांट होऊन माणूस घरी आला की दोन आकडे त्याच्या मागे कायमचे लागतात: क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) आणि टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल. हल्ली तिसऱ्याचंही नाव कानावर येतं, ते म्हणजे डोनरच्या डीएनएचा टक्का. या टेस्टवरून ओपीडीच्या बाकड्यावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि घरी जेवताना जे प्रश्न निघतात, ते इथे घेतले आहेत. भर किडनीवर आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त ट्रान्सप्लांट तिचेच होतात. हृदय आणि लिव्हरचं थोडक्यात शेवटाकडे येईल. डोस मात्र इथलं वाचून बदलू नका, तो तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

रिजेक्शन म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ‘हा आपला, हा परका’ हे प्रतिकारशक्ती त्यांच्यावरून ओळखते. डोनरची किडनी कितीही चांगली असली तरी तिची एचएलए वेगळी असतात, त्यामुळे शरीर तिच्यावर हल्ला करायला बघतं. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. बाकी सगळ्यांना गोळ्या घ्याव्याच लागतात.

हल्ला मुख्यतः दोन प्रकारे होतो. एकात टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, स्वतः किडनीत घुसतात. हा प्रकार पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसतो आणि बहुतेकदा औषधाला दाद देतो. दुसऱ्यात डोनरच्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. हा कधीही येऊ शकतो, अगदी पाच-सात वर्षांनीसुद्धा, आणि आवरायला अवघड असतो. ऑपरेशन टेबलावरच किडनी काळीनिळी पडायची तो तिसरा, तडकाफडकी होणारा प्रकार आता क्वचितच दिसतो, कारण ऑपरेशनआधी क्रॉसमॅच केलं जातं, म्हणजे घेणाऱ्याच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते तपासतात.

मला काहीच त्रास नाही. लघवी व्यवस्थित होते. मग रिजेक्शन कसं असेल?

असू शकतं. ताप, किडनी बसवलेल्या जागी ओटीपोटात दुखणं, पायावर सूज, लघवी कमी होणं, बीपी चढणं ही पुस्तकातली लक्षणं. आताच्या गोळ्या घेणाऱ्यांत ती बऱ्याचदा दिसतच नाहीत. काही सेंटर तब्येत ठणठणीत असतानाही ठरलेल्या महिन्यात बायोप्सी करतात (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात), आणि त्यातल्या काहींत सुरू झालेलं रिजेक्शन सापडतं. रक्ततपासणीचा सगळा खटाटोप यासाठीच असतो.

क्रिएटिनिन लॅबच्या नॉर्मलमध्ये आहे. निश्चिंत राहू ना?

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा एका बाईंचं ट्रान्सप्लांटनंतर स्थिरावलेलं क्रिएटिनिन ०.९ आहे. पुढच्या तीन रिपोर्टमध्ये ते १.०, १.१ आणि १.२ येतं. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा १.३ छापलेली असेल, तर चारही आकडे साध्या अक्षरात येतात. ना ठळक टाइप, ना बाजूला बाण. घरचे म्हणतात, सगळं नॉर्मल आहे. खरं तर क्रिएटिनिन एक तृतीयांशाने वाढलंय. स्थिरावलेल्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्के वाढ झाली आणि कारण सापडलं नाही, तर बहुतेक नेफ्रॉलॉजिस्ट चौकशी सुरू करतात.

उलटही होतं. साठीतल्या आईची किडनी धिप्पाड मुलाला बसवली आणि त्याचं क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावलं, तर त्याच्या प्रत्येक रिपोर्टवर लाल खूण येणार. पण त्याच्यासाठी १.५ हाच पाया आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे ते अंगकाठीप्रमाणे बदलतं.

म्हणून लॅबची छापील मर्यादा विसरा आणि स्वतःचा पाया पाठ करा. वहीत एक रकाना आखा: तारीख, क्रिएटिनिन, लेव्हल, वजन, बीपी. एक्सेलही चालेल, पण वही ओपीडीत पटकन उघडता येते. शक्यतो टेस्ट एकाच लॅबमध्ये करा. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या की ०.१-०.२ चा फरक उगाच पडतो आणि मग रात्रीची झोप उडते.

मुळात क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीचा काही भाग जखमी झाला तर उरलेला भाग काम ओढून नेतो आणि आकडा तसाच राहतो. तो हलतो तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. नव्या टेस्ट शोधायची गरज पडली ती यामुळेच.

क्रिएटिनिन वाढलं म्हणजे रिजेक्शनच का?

नाही. जुलाब झाले, पाणी कमी पडलं, टॅक्रोलिमसची लेव्हल जास्त झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, मूत्रनलिकेत अडथळा आला, अंगदुखीवर मेडिकलमधून आणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली, यातल्या कशानेही ते वाढतं. ट्रान्सप्लांटनंतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल देतात. त्या गोळीने किडनीला इजा न होताही आकडा थोडा वर जातो. आदल्या रात्री मटणाचं जेवण आणि सकाळी टेस्ट, यानेही फरक पडतो. म्हणून डॉक्टर आधी टेस्ट पुन्हा करायला सांगतात, सोनोग्राफी करतात, लेव्हल बघतात आणि मग बायोप्सीचा विचार करतात.

जुलाबाचं वेगळं सांगायला हवं, विशेषतः पावसाळ्यात. आतड्याला सूज आली की टॅक्रोलिमस रक्तात जास्त शोषलं जातं. म्हणजे एकीकडे अंगातलं पाणी कमी, दुसरीकडे किडनीला जाच करणारी लेव्हल जास्त. दोन दिवस जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन करा, ‘बघू उद्यापर्यंत’ नको.

टेस्ट किती दिवसांनी करायच्या?

तुमच्या सेंटरचा तक्ता पाळा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत क्रिएटिनिनचं साधारण वेळापत्रक असं आहे: दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला, चौथ्या ते सहाव्या महिन्यात दर पंधरवड्याला, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत महिन्याला, आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी. लोक घसरतात ते बहुधा वर्षानंतर. ‘आता काही होत नाही’ म्हणून सहा महिने रक्तच दिलं जात नाही.

लेव्हल काढायच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन गेलो. चाललं ना?

नाही चाललं. टॅक्रोलिमसची लेव्हल मोजतात ती पुढच्या गोळीच्या अगदी आधी, म्हणजे रक्तातलं औषध सगळ्यात कमी असतं तेव्हा. दिवसातून दोनदा गोळी असेल तर मागच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. रात्री ९ ला घेतली असेल तर सकाळी ९ च्या सुमाराला आधी रक्त द्यायचं, मग गोळी. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो. तो खरा धरून कोणी डोस कमी केला, तर रिजेक्शनला दार आपणच उघडून दिल्यासारखं होतं.

काउंटरवर हे सगळं तुम्हालाच सांभाळावं लागतं. गोळीचा डबा पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. फॉर्मवर ‘मागची गोळी किती वाजता’ असा रकाना असेल तर भरा, नसेल तर कोपऱ्यात हाताने लिहा. लेव्हलचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत जातं, कारण हे औषध तांबड्या पेशींना चिकटून असतं आणि पूर्ण रक्तातच मोजावं लागतं. तंत्रज्ञाने क्रिएटिनिनची एकच नळी भरून ‘झालं’ म्हटलं, तर ‘लेव्हलचं घेतलं का?’ असं विचारायला लाजू नका.

सुरुवातीच्या महिन्यांत पुष्कळ सेंटर ही लेव्हल मिलीलिटरमागे ८ ते १२ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात, नंतर ५ ते ८ च्या आसपास. पण आकड्याइतकाच त्याचा चढउतारही महत्त्वाचा. एका महिन्यात ४, दुसऱ्यात ११, पुन्हा ५ अशी उडी मारणारी लेव्हल असलेल्यांत अँटीबॉडी आणि रिजेक्शन जास्त आढळतात. माझं सरळ मत असं आहे: ज्याची लेव्हल वेळेवर आणि नीट काढली जात नाही, त्याने महागड्या डीएनए टेस्टची चौकशी करण्याआधी हे घर सावरावं. बाकीच्या टेस्ट रिजेक्शन शोधतात, लेव्हल ही एकच ते होऊ नये म्हणून करायची असते.

मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. ‘कंटेंट तेच आहे’ म्हणतो.

कंटेंट तेच असतं, शोषण थोडं वेगळं असू शकतं. बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून करा आणि त्यानंतर लेव्हल काढा. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रोलिमस या तर वेगळ्याच गोळ्या आहेत, त्यांची अदलाबदल कधीच करू नका. स्टॉक संपायच्या आठवडाभर आधी मागवला तर हा प्रश्न निम्म्याने सुटतो.

काढा, गुळवेल, पपनस, एकादशी?

गुळवेल, अश्वगंधा आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकलं जाणारं काहीही नको. तुम्ही रोज गोळ्या घेता त्या हीच इम्युनिटी आवरायला. ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतं आणि पपनस त्याचं जवळचं भावंड, तेव्हा दोन्ही टाळा. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलसारख्या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिन लेव्हल वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन ती चांगलीच पाडतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडे सर्दी-खोकल्याला गेलात तरी ‘ट्रान्सप्लांट झालंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. एकादशी करायची तर आधी विचारून करा. गोळी पाण्याबरोबर ठरल्या वेळेला घ्यायचीच, त्याने उपास मोडत नाही.

डीएसए टेस्ट लिहून दिली आहे. ती काय दाखवते?

डोनरच्या एचएलएविरुद्ध तुमच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्यात का, ते. प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म मण्यांवर एकेक एचएलए चिकटवलेलं असतं. तुमचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग) त्यात मिसळतात, आणि ज्या मण्याला अँटीबॉडी चिकटते तो चमकतो. किती चमकला, तो आकडा रिपोर्टवर येतो. अमुक आकड्याच्या वर धोका अशी जगभर मान्य झालेली एकच रेघ नाही, लॅबप्रमाणे ती बदलते.

क्रिएटिनिन हलायच्या कित्येक महिने, कधी काही वर्षं आधी ही अँटीबॉडी दिसू शकते, म्हणून तिचं मोल आहे. पण ती दिसली म्हणजे किडनीला इजा होतेच आहे असं नाही. गोळ्या चुकत असतील, आधी रक्त चढवलेलं असेल, दुसरं ट्रान्सप्लांट असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील, तर डॉक्टर ही टेस्ट जरा आवर्जून सांगतात.

आणि ही डोनरच्या डीएनएची टेस्ट?

कुठलीही पेशी मेली की तिच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात आणि तासा-दोन तासांत साफ होतात. ट्रान्सप्लांट झालेल्याच्या रक्तात दोन माणसांचे तुकडे फिरत असतात: बहुतांश स्वतःचे, थोडे डोनरच्या किडनीचे. किडनीवर हल्ला झाला की तिच्या पेशी जास्त मरतात आणि डोनरचा वाटा वाढतो. तुकडे लवकर नाहीसे होत असल्यामुळे आज मोजलेला आकडा आजचीच इजा सांगतो, गेल्या महिन्याची नव्हे.

ही कल्पना हाँगकाँगमधून आली. डेनिस लो यांनी १९९७ साली गरोदर बाईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे दाखवलं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, पुरुषाची किडनी किंवा लिव्हर बसवलेल्या बायकांच्या रक्तात त्यांना वाय गुणसूत्राचे तुकडे मिळाले. पण ही युक्ती बाईला पुरुषाचा अवयव बसवला असेल तरच चालणार. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या गटाने लिंगाची अट काढून टाकली. डीएनएत ज्या जागी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो, त्या जागा वाचून डोनरचे तुकडे वेगळे काढता येतात, हे त्यांनी हृदय ट्रान्सप्लांटमध्ये दाखवलं. २०१७ पासून अमेरिकेत किडनीसाठी ही टेस्ट बाजारात आहे.

रक्त साध्या नळीत घेऊन चालत नाही. नळीत तुमच्या पांढऱ्या पेशी फुटल्या तर तुमच्याच डीएनएचा पूर येतो, म्हणून पेशी टिकवणारं रसायन असलेली खास नळी लागते. ती अलगद उलटसुलट करायची, खळखळून हलवायची नाही.

१ टक्क्याच्या वर म्हणजे रिजेक्शन आणि खाली म्हणजे सुटलो?

असं सरळ नाही. अमेरिकेतल्या ज्या अभ्यासावरून १ टक्क्याची रेघ रुळली (२०१७, बायोप्सी झालेले १०२ रुग्ण), त्यात रिजेक्शन नसलेल्यांचा मधला आकडा ०.३ टक्के होता आणि अँटीबॉडीवाल्या रिजेक्शनमध्ये २.९ टक्के. फरक मोठा दिसतो. पण १ च्या वर गेलेल्यांपैकी ६१ टक्क्यांनाच रिजेक्शन निघालं. खाली असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना ते नव्हतं, म्हणजे उरलेल्या १६ टक्क्यांना होतं. टी-पेशींचं सौम्य रिजेक्शन या टेस्टच्या हातून बऱ्याचदा निसटतं. अँटीबॉडीचं ती चांगलं पकडते.

दुसरा घोळ टक्क्याचाच आहे. आमटीत पाणी ओतलं की मीठ तेवढंच राहतं, खारटपणा उतरतो. तसंच तुम्हाला ताप किंवा संसर्ग असेल तर तुमचा स्वतःचा डीएनए रक्तात वाढतो आणि डोनरचा टक्का खोटाच कमी दिसतो. म्हणून आता काही लॅब टक्क्याबरोबर दर मिलीलिटरमागे डोनरच्या किती प्रती आहेत, हेही देतात. रिपोर्टमध्ये दोन्ही असतील तर दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत आणि बायोप्सीनंतर लगेच आकडा आपसूकच चढलेला असतो. बीके व्हायरस (त्याबद्दल पुढे येईल) किंवा किडनीतल्या जंतुसंसर्गानेही तो चढतो. इजा होते आहे एवढंच ही टेस्ट सांगते, ती कोण करतंय हे सांगत नाही.

मग बायोप्सी टळेल का?

काहींची टळेल. क्रिएटिनिन किंचित हललंय, लेव्हल जास्त निघाली आहे, डीएनएचा टक्का ०.२ आहे, डीएसए नाही. अशा वेळी डॉक्टर डोस सुधारून आठवडाभर थांबायला धजावतात. उलट सगळं शांत असताना टक्का दोनदा चढता आला, तर बायोप्सी लवकर होते. पण रिजेक्शन आहे का, कुठल्या प्रकारचं, किती जोराचं, हे ठरवायला अजून तरी बायोप्सीच लागते. जगभर ती ज्या वर्गवारीने वाचतात तिचा पाया १९९१ साली कॅनडातल्या बॅन्फ गावी झालेल्या बैठकीत घातला गेला.

भीती समजू शकते. ट्रान्सप्लांटची किडनी त्वचेखाली जवळच असते, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, जागा बधिर केलेली असते. नंतर काही तास पडून राहायचं. लघवी थोडी लाल होऊ शकते. मोठा रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

आईची किडनी आहे. डीएनए टेस्ट चालेल?

चालते, पण फॉर्मवर नातं लिहा. आई आणि मुलाचा अर्धा डीएनए सारखाच, त्यामुळे फरक ओळखायच्या जागा कमी मिळतात आणि हिशेब वेगळा करावा लागतो. आपल्याकडे घरातलेच डोनर जास्त, तेव्हा हे लॅबला विचारूनच पैसे भरा. एकसारख्या जुळ्याची किडनी असेल तर टेस्टला काही अर्थ नाही. गरोदरपणात बाळाचा डीएनए मध्ये येतो. दोन वेगवेगळ्या डोनरचे अवयव असतील तरी गोंधळ होतो.

रिजेक्शनच्या टेस्टमध्ये बीके व्हायरस कशाला बघतात?

कारण रिजेक्शन आणि बीके दोन्हींत क्रिएटिनिन सारखंच चढतं आणि उपचार एकमेकांच्या विरुद्ध असतात. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीकेमध्ये गोळ्या कमी करून तिला मोकळं सोडायचं. ओळख चुकली तर उपचारानेच किडनी जाऊ शकते. हा व्हायरस बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने त्याचं पीसीआर करतात. रक्तात मिलीलिटरमागे १०,००० च्या वर प्रती टिकून राहिल्या तर डॉक्टर सावध होतात.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो, तिकडे सगळ्यांना ही डीएनए टेस्ट करतात. आम्हीही दर तीन महिन्यांनी करावी का?

तिकडे मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) तिचे पैसे देतं, हा मोठा फरक आहे. इथे ती सगळीकडे मिळत नाही आणि खर्च बहुधा खिशातून होतो. सगळं स्थिर असलेल्या माणसाने ती ठरावीक अंतराने केल्याने किडनी जास्त वर्षं टिकते, असा ठाम पुरावा अजून आलेला नाही. डीएसए सापडलंय, बायोप्सी करणं धोक्याचं आहे, किंवा रिजेक्शनच्या उपचारानंतर आत शांत झालं का ते बघायचंय, तर डॉक्टरांशी बोलून जरूर करा. नुसत्या मनःशांतीसाठी करायची असेल तर तेवढ्याच पैशांत किती महिन्यांची लेव्हल निघेल, याचा हिशेब एकदा मांडा.

हृदय आणि लिव्हरमध्येही असंच का?

हृदयात रक्ताच्या टेस्टचा फायदा जास्त ठळक आहे, कारण तिथे बायोप्सीला मानेच्या शिरेतून हृदयात नळी घालावी लागते, तीही पहिल्या वर्षात अनेकदा. पांढऱ्या पेशींतली २० जनुकं किती चालू आहेत हे बघणाऱ्या टेस्टला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. २०१० मध्ये ६०२ रुग्णांवरचा अभ्यास आला: कमी धोक्याच्या रुग्णांत या टेस्टवर भिस्त ठेवली तरी नेहमीच्या बायोप्सीच्या तुलनेत नुकसान जास्त झालं नाही आणि सुया कमी टोचल्या गेल्या. लिव्हरमध्ये एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन हे रक्ततपासणीतले लिव्हरचे आकडे आधी हलतात, पण पित्तनलिकेच्या अडथळ्यानेही तेच हलतात, म्हणून सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी आलीच.

रिजेक्शन निघालं म्हणजे किडनी गेली, पुन्हा डायलिसिस?

नाही. टी-पेशींचं असेल आणि लवकर सापडलं तर साधारण तीन दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात आणि बहुतेकदा क्रिएटिनिन उतरतं. त्याला दाद दिली नाही तर एटीजी, म्हणजे टी-पेशी कमी करणारं जास्त जोराचं इंजेक्शन. अँटीबॉडीच्या प्रकारात प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटीबॉडी) असं मोठं, महाग प्रकरण असतं, आणि यशाची खात्री कमी. तो जुना झालेला असेल तर बऱ्याचदा घसरण फक्त लांबवता येते.

शनिवारी रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला, क्रिएटिनिन वाढलंय. सोमवारपर्यंत थांबू?

आधी बघा: लघवी रोजच्यासारखी होते का, ताप आहे का, वजन दोन दिवसांत वाढलं का, बीपी किती, गेल्या आठवड्यात गोळी चुकली का, नवं औषध घेतलं का. ताप, लघवी कमी, किडनीच्या जागी दुखणं, जुलाब-उलट्या यातलं काहीही असेल, किंवा आकडा तुमच्या पायाच्या २० टक्क्यांहून वर असेल, तर त्याच रात्री ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन करा. फोनवर पाया आणि आताचा आकडा दोन्ही सांगा. नुसतं ‘१.४ आलंय’ म्हटलं तर ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला त्यात वावगं काही दिसणार नाही. गोळी चुकली असेल तर तेही सांगा, ओरडा बसला तरी. आणि स्वतःहून दुप्पट डोस घेऊ नका.

यातलं काहीच नसेल आणि फरक अगदी थोडा असेल, तर रविवारी त्याच लॅबमध्ये रक्त पुन्हा द्या, लेव्हलसकट, सकाळच्या गोळीच्या आधी.